मधमाश्यांचे आरोग्य आणि गावाचे सहकार्य

इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासात कीटकांचा विषय येतो आणि पुष्कळ ठिकाणी तो फळ्यावर मधमाशीचे चित्र काढून संपतो. राणी, नर व कामकरी ही तीन नावे मुले पाठ करतात, मध औषधी असतो असे वाक्य वहीत उतरून घेतात, आणि मधल्या सुट्टीत शाळेमागच्या पिंपळावरील आग्यामोहोळाला खडे मारावयास मोकळी होतात. पाठ झाला, परंतु मुलाचे आणि माशीचे नाते होते तेथेच राहिले. हा विषय शेताच्या बांधावर सुरू करावा आणि गावाच्या बैठकीपर्यंत न्यावा, या हेतूने पुढील टिपण शिक्षकांपुढे ठेवले आहे.

विषय कोठून सुरू करावा

ज्या गावांत कांद्याचे बी धरतात, तेथे या पाठाला आयते साधन मिळते. नाशिक, जळगाव, जालना, बुलढाणा या जिल्ह्यांत अशी गावे पुष्कळ आहेत. दिवाळीच्या मागेपुढे निवडक कांदे, म्हणजेच डेंगळे, लावतात. पौष-माघात त्यांचे पोकळ दांडे उंचावून शेंड्याला पांढरे गोंडे फुलतात, आणि चैत्राच्या सुमारास काळे बी हाती येते. एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात. ती सर्व एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे क्रमाक्रमाने उमलत राहतात. प्रत्येक फुलाच्या बीजकोशाला तीन कप्पे असून प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे असतात. म्हणजे एका फुलापासून जास्तीत जास्त सहा बिया मिळू शकतात.

या फुलाची एक खोड मुलांना अवश्य सांगावी. त्यातील पुंकेसर आधी पिकतात व पराग सांडून मोकळे होतात. स्त्रीकेसराचे टोक, ज्यास कुक्षी म्हणतात, ते मागाहून पराग घेण्याजोगे होते. त्यामुळे कोणत्याही फुलाला स्वतःच्या परागावर स्वतःचे बी धरता येत नाही. मागाहून उमललेल्या दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याकडून हे काम फारसे होत नाही. ते मुख्यत्वे माश्याच करतात. त्यांत आग्या, सातेरी व फुलोरी या मधमाश्यांचा वाटा मोठा.

कांद्याचे बी साध्या साठवणीत एक-दोन वर्षांतच उगवणशक्ती गमावते, हेही येथे ध्यानात घ्यावे. ज्वारीचे बियाणे कणगीत राहते तसे ते राहत नाही. माघात गोंड्यावर माशी आली नाही, तर चैत्रात बी भरत नाही, आणि पुढच्या हंगामातील रोपवाटिकेसाठी विकतचे बी मिळेल त्या भावाने घ्यावे लागते. माशी न येण्याचा खर्च असा दोन हंगामांवर पडतो. गोंड्यांवर माश्यांनी यावे म्हणून गुळाचे पाणी शिंपडणारे, बांधावर बडीशेप, कोथिंबीर किंवा मोहरी लावणारे शेतकरी आज या भागांत आढळतात. ज्या गोष्टीकडे त्यांच्या वडिलांना कधी लक्षही द्यावे लागले नाही, तिच्यासाठी ही यातायात करावी लागते. यावरून प्रश्नाचे गांभीर्य समजावे.

फवारणीचा प्रश्न

शेतकरी अज्ञानाने किंवा हौसेने फवारतो, असे वर्गात चुकूनही सुचवू नये. कांद्यावर फुलकिडे पडतात. ते पातीतील रस शोषतात आणि त्यांच्यामार्फत विषाणूरोगही पसरतो. दांडा वाळला तर गोंडा वाळतो, आणि मग माशी येऊन उपयोग काय? म्हणून शेतकरी औषध मारतो. शेजारी हरभऱ्यावर घाटेअळी असते, पलीकडे द्राक्षबाग किंवा डाळिंबाचा बहार असतो, आणि त्या प्रत्येकाचे फवारणीचे वेळापत्रक निराळे असते. कांद्याचा मालक स्वतः कितीही जपला, तरी त्याच्या गोंड्यावर येणारी माशी वाटेत दुसऱ्याच्या शेतात उतरून आलेली असते.

येथे एका गैरसमजाचा उलगडा शिक्षकांनी करावा. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा असलेला एक चौकोन छापलेला असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम यांना अनुसरून हे रंग ठरतात. लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ही प्रतवारी मनुष्य व इतर सस्तन प्राणी यांना होणाऱ्या विषबाधेवरून केलेली आहे; मधमाशीचा त्यात विचार नाही. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम यांसारखी औषधे माणसाला लाल रंगाच्या औषधांहून कमी घातक असली, तरी मधमाशीला अतिशय घातक आहेत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या दोहोंसह तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांवरील परिणामांमुळेच. डब्यासोबतच्या पत्रकात मधमाशीविषयी सूचना असते, ती बारीक अक्षरात. तिचे वाचन हा भाषेचाही उत्तम पाठ होईल. मात्र पत्रक दुकानदाराकडून कोरे मागून आणावे. वापरलेले डबे किंवा बाटल्या मुलांकडून शाळेत कदापि आणवू नयेत.

भुकटी ही द्रव औषधापेक्षा माशीला अधिक बाधते, कारण परागाप्रमाणे ती अंगावरील केसांना चिकटून थेट पोळ्यात जाते. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात २००८ च्या वसंतात मक्याच्या बियाण्याला लावलेले औषध पेरणीयंत्राच्या वाऱ्याने धूळ होऊन उडाले, शेजारच्या फुलांवर बसले आणि अकरा हजारांहून अधिक वसाहती बाधित झाल्या. पेरणी करणाऱ्यांनी एकाही फुलावर औषध मारलेले नव्हते.

मग करावे काय? गोंड्याचे पातळ आवरण फाटून फुले उमलण्यापूर्वी फुलकिड्यांचा बंदोबस्त करावा. निळे चिकट सापळे लावून त्यांच्या संख्येवर नजर ठेवावी. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. ती टळत नसेलच, तर कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने औषध निवडून सूर्यास्तानंतर फवारावे, म्हणजे सकाळी माशी येईपर्यंत फवारा वाळलेला असतो. काही औषधांचा अंमल कित्येक दिवस टिकतो, त्यांना संध्याकाळची युक्ती पुरत नाही. दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळण्याची सवय तर सोडूनच द्यावी. काही बुरशीनाशके कीटकनाशकाचा माशीवरील घात वाढवितात. पंप ओढ्यात किंवा गुरांच्या हौदावर धुऊ नये. माश्या पाण्यालाही जातात, ही गोष्ट मुलांनी उन्हाळ्यात नळाच्या थारोळ्यापाशी पाहिलेली असते, पण तिचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

ज्या माशीला मालक नाही

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बदामाच्या बागा फुलतात तेव्हा देशभरातून लाखो मधपेट्या तेथे नेल्या जातात. त्या राज्यात असा नियम आहे की, माशीला घातक औषध फवारावयाचे असल्यास, ज्या मधपाळांनी सूचना मागितली आहे व ज्यांच्या पेट्या एका मैलाच्या आत आहेत, त्यांना ४८ तास आधी कळवावे. २०१४ मध्ये अमेरिकेत मधपाळ, शेतकरी, औषध कंपन्या व विद्यापीठे यांनी मधमाश्यांच्या आरोग्यासाठी एक संयुक्त मंडळही स्थापन केले. परस्परांकडे बोट दाखविणारे लोक एका मेजाभोवती बसले, हे त्यातील विशेष.

हा नियम चांगला आहे, परंतु आपल्या गावात तो जसाच्या तसा चालणार नाही. सूचना मिळाली की मधपाळ रात्री पेटीचे दार बंद करतो किंवा पेटी हलवितो. आपल्याकडे सातेरी व युरोपीय माशीच्या पेट्या असतात, पण शेतात काम करणाऱ्या माश्यांपैकी बऱ्याच जणी रानच्या. आग्यामाशीचे पोळे वडाच्या फांदीला, कड्याला नाहीतर पाण्याच्या उंच टाकीला उघडे लोंबत असते. फुलोरीचे हाताच्या पंजाएवढे पोळे कुंपणाच्या झुडपात असते. त्यांना बंद करावयाचे दार नाही, आणि त्यांच्या वतीने सूचना घ्यावयास कोणी मालकही नाही. ज्या पिकाला त्यांचा लाभ होतो, त्या पिकाचे खाते सातबाऱ्यावर असते. माशीचे खाते कोठेच नसते. म्हणून सूचना घेणारा कोणी तरी गावातच नेमावा लागतो. हे काम शाळेला साधण्याजोगे आहे, कारण गावातील सर्व गटांचे, सर्व वस्त्यांचे लोक जेथे येतात अशी जागा शाळेखेरीज फारशी उरलेली नाही.

बीजोत्पादकांना शेजाऱ्याशी बोलण्याची सवय मुळातच असते. दोन निराळ्या जातींच्या कांद्यांचे पराग मिसळू नयेत म्हणून त्यांना मध्ये ठराविक अंतर राखावे लागते आणि त्यासाठी लागवडीपूर्वीच विचारपूस करावी लागते. त्याच बोलण्यात फवारणीचा विषय काढता येईल. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यास योग्य. २६ जानेवारीच्या सभेपर्यंत गोंडे फुलू लागलेले असतात. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हा विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्यावयास सांगावा. बीजोत्पादक, त्यांच्या शेजारचे फळबागवाले, कृषी सेवा केंद्राचे चालक, मध काढणारे आणि कोणाच्या पेट्या असल्यास ते, एवढे लोक एकदा एकत्र बसले तरी पुष्कळ झाले. ठराव लांबलचक नसावा. फुलोऱ्याच्या महिन्यांत फवारणी सूर्यास्तानंतर, आणि आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाजवळील फलकावर गट क्रमांक व वार लिहावा, इतके ठरले तर पहिल्या वर्षाला ते पुरे आहे. फलकावर मोठ्या माणसांनीच लिहावे. मुलांच्या हाती निरोप देऊन कोणाच्या शेतावर पाठवू नये.

मध काढणाऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. धूर व पलिते यांनी रात्री पोळे जाळून संपूर्ण कापून नेण्याची रीत अजून अनेक ठिकाणी आहे. अंडी-अळ्यांसह सारी वसाहत त्यात नष्ट होते. आग्यामाशीच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला एका कोपऱ्यात साठविलेला असतो व खालच्या भागात पिल्ले असतात. संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापला, तर माश्या तो पुन्हा बांधून काढतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या पद्धतीचे शिक्षण मध गोळा करणाऱ्यांना दिले आहे. हे लोक बहुधा गावातील सर्वांत गरीब घरांतले असतात, आणि कोणते मोहोळ कोणत्या महिन्यात कोठे येते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. अपराधी म्हणून उभे करू नये. पाण्याच्या टाकीवरील मोहोळ जाळण्याचे काम ग्रामपंचायत त्यांनाच पैसे देऊन करविते, ही गोष्टही विसरता कामा नये.

रोगाविषयी थोडेसे. थायलंडमध्ये १९७६ साली सातेरीच्या जातीच्या माशीवर एका विषाणूची साथ दिसली. १९७८ मध्ये ती ईशान्य भारतात आढळली आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेतील राज्यांत तिने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. अळी कोशात जाण्याच्या वेळी मरते व पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. या साथीवर औषध नाही. रोगट पेटीतील चौकटी दुसऱ्या पेटीत न घालणे, पेट्या दूरवर हलविण्यापूर्वी तपासणे आणि शेजारच्या मधपाळाला वेळीच कळविणे, हेच उपाय. शिक्षकांनी एवढा फरक जाणावा की, पेटीपुढे एक-दोन दिवसांत मोठ्या माश्यांचा सडा पडला व कित्येकींच्या जिभा बाहेर आलेल्या दिसल्या, तर विषबाधेचा संशय घ्यावा. घरांत अळ्या मेलेल्या दिसल्या, तर रोगाचा. अशा वेळी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा किंवा महाबळेश्वर येथील मध संचालनालयाचा सल्ला घेता येतो.

वर्गातील काम

पहिले काम नकाशाचे. ग्रामपंचायतीतील गावनकाशाची प्रत घेऊन तीवर माहीत असलेले एक मोहोळ खुणेने दाखवावे आणि नकाशाचे प्रमाण पाहून त्याभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. सातेरी माशी बहुधा एक-दीड किलोमीटरच्या आत चारा शोधते. आग्या व युरोपीय माशी त्याहून बरीच लांब जातात. या लहान वर्तुळातही ३१४ हेक्टर, म्हणजे सुमारे ७७५ एकर जमीन येते. दर खातेदारास दीड हेक्टर धरले तर दोनशेहून अधिक खातेदारांच्या शेतांवरून ही माशी फिरते. वर्तुळात येणारे गट क्रमांक मुलांनी मोजावेत. आपल्या घरचा गट त्यात सापडला की मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

दुसरे काम फुलोऱ्याच्या दिनदर्शिकेचे. श्रावणापासून भाद्रपद-आश्विनापर्यंत बोर व कारळे, मार्गशीर्षात तूर, पौष-माघात करडई व कोथिंबीर, पुढे शेवगा, जांभूळ, कडुनिंब, करंज, शेवटी चिंच; असे एकेका महिन्यापुढे मुलांनी स्वतः पाहून लिहावे. कोणता महिना रिकामा राहतो ते पाहावे. बांध कोरून व तणनाशक मारून स्वच्छ केलेल्या शिवारात हे रिकामे महिने वाढतात, आणि उपाशी वसाहत रोगाला व विषाला लवकर बळी पडते. शाळेच्या आवारात झाड लावावयाचे असेल, तर ते या रिकाम्या महिन्यात फुलणारे निवडावे. शोभेच्या झाडांची रोपे फुकट मिळतात म्हणून लावू नयेत.

सुरक्षिततेची दक्षता पाठापूर्वी घ्यावी. फुलावर चरणारी माशी दाबली गेल्याशिवाय सहसा डंख करीत नाही; पण मोहोळाजवळ गोष्ट निराळी. आग्यामोहोळ दुरूनच दाखवावे. त्याखाली धूर, खडे व आरडाओरडा यांस सक्त मनाई असावी. माश्या उठल्याच, तर तोंड झाकून बंद खोलीत पळावे. हात झाडीत उभे राहू नये. डंख लागल्यास काटा नखाने लगेच खरवडून काढावा. अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ज्या मुलास पूर्वी असा त्रास झाला आहे, त्यास शेतावर नेऊ नये. ज्या शेतात नुकतीच फवारणी झाली आहे तेथे तर कोणालाच नेऊ नये. फलकाचा पहिला उपयोग मुलांनाच होतो तो असा.

तिसरे काम बियांच्या मोजणीचे, आणि तेच या पाठाचे हृदय होय. शेतकऱ्याची परवानगी घेऊन, फुले उमलण्यापूर्वी पाच गोंड्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या सैल पिशव्या बांधाव्यात आणि शेजारचे पाच गोंडे चिठ्ठी बांधून मोकळे ठेवावेत. फुलोऱ्यात आठवड्यातून दोन दिवस सकाळी, मोकळ्या गोंड्यांपैकी एकावर दहा मिनिटांत किती माश्या येतात ते दोन मुलांनी मोजावे. एकाने पाहावे, एकाने लिहावे. माशीची जात ओळखता आली तर उत्तम, न आली तर मोठी, मध्यम, लहान एवढे पुरे. शून्य आले तर शून्यच लिहावे. शिक्षकास बरे वाटावे म्हणून आकडा वाढविण्याची मुलांची वृत्ती असते, तिला येथे आळा घालावा. फलकावर नोंदलेल्या फवारणीच्या तारखा त्याच वहीत समोरच्या पानावर लिहाव्यात.

चैत्रात गोंडे वाळले की प्रत्येकातून वीस बोंडे घेऊन त्यांतील भरलेल्या बिया मोजाव्यात. वीस बोंडांच्या जास्तीत जास्त १२० बिया. मिळाल्या किती, आणि शेकडा प्रमाण काय, हे गणिताच्या तासाला काढावे. पिशवीतील गोंड्यातही काही बिया धरलेल्या आढळतील. दांडे हलून एकाच गोंड्यातील फुलांचे पराग एकमेकांना लागू शकतात, आणि लहान फुलकिडे कापडातून आत शिरतात. प्रयोग फसला असे तेव्हा समजू नये. फरक किती, एवढेच पाहावे. आकडे कोणाच्या शेताचे आहेत ते फळ्यावर लिहू नये. ज्याच्या शेतात बी कमी भरले त्याचा मुलगा त्याच वर्गात बसलेला असतो. हिशेब प्रथम शेतकऱ्याला दाखवावा व तो संमती देईल तर १ मेच्या ग्रामसभेत, नाव न घेता, मांडावा. मोजून झालेले बी कागदाच्या दोन पुड्यांत, पिशवीतले निराळे व मोकळे निराळे, बांधून त्यावर तारीख घालावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ज्याचे त्यास पोहोचवावे.